तळटीप : उपजत मृत्यूची नोंद

¹ माळेगाव बुद्रुकच्या घरातली उपजत मृत्यूची ही आठवण वाचताना कायद्याची बाजू ठाऊक असलेली बरी. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार ‘जन्म’ यात जिवंत आणि मृत असे दोन्ही जन्म येतात; ‘मृत्यू’ मात्र जिवंत जन्मानंतरचाच धरला जातो. म्हणून किमान 28 आठवड्यांचे, म्हणजे सुमारे सात महिन्यांचे बाळ पोटातच गेले, तर त्याची नोंद मृत्यूच्या रजिस्टरात होत नाही. त्यासाठी नमुना 3 भरतात. त्यात तारीख, लिंग, आईवडिलांची नावे, ठिकाण, गर्भाचे आठवडे, कारण असे रकाने आहेत. बाळाच्या नावाला रकाना नाही. नाव मनाशी ठरवून बसलेल्या आईबापांना हे फार लागते. तो रकाना असायलाच हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नोंदीची मुदत 21 दिवसांची. दवाखान्यातली घटना दवाखान्याने कळवायची, घरची कुटुंबप्रमुखाने. नोंद होते ती घटना घडली तिथे : माळेगावची लेक बारामतीत बाळंत झाली तर बारामतीत, आणि बीडकडची ऊसतोड करणारी बाई माळेगावच्या हद्दीत कोपीवर (झोपडीत) बाळंत झाली तर माळेगावात.

नोकरदार आईने दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. 2025 पर्यंत लागू असलेल्या मातृत्व लाभ अधिनियम, 1961 च्या व्याख्येत उपजत मृत बालकही ‘मूल’च होते; अशा प्रसूतीनंतरही तिचा रजेचा हक्क कायम राहतो.