कर्ण कोणाचा? : एका कादंबरीवरून पेटलेला वाद

महाभारताच्या मराठी वाचनाचा इतिहास लिहायचा झाला, तर १९६६ आणि १९६७ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावी लागतील. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सप्टेंबर १९६६ मध्ये पूर्ण झाली. देशभरातून मिळवलेल्या १२५९ हस्तलिखितांची तुलना करून सिद्ध केलेला हा पाठ. नंतर शिरलेले श्लोक कोणते, कुठल्या प्रांतातल्या पोथीत कोणता प्रसंग वाढला, हे प्रथमच पानोपानी दाखवता येऊ लागले. त्याच्या पुढच्याच वर्षी दोन मराठी पुस्तके निघाली. या आवृत्तीच्या आधाराने लिहिलेले इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि कोल्हापुरात शिक्षक असलेल्या सत्तावीस वर्षांच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी. पहिल्यातला कर्ण आणि दुसरीतला कर्ण हे एकाच माणसाचे चित्र आहे, असे सांगितले तर पुष्कळांना पटणार नाही. तेव्हापासून मराठी वाचक या दोन चित्रांवरून भांडत आला आहे.

भांडण अजून संपलेले नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाचनालयांत जाणे-येणे असल्याने मी हा वाद अनेकदा ऐकला आहे. ‘मृत्युंजय’ची प्रत बहुतेक ठिकाणी पुन्हा बांधून घेतलेली असते आणि तिच्याबद्दल शांतपणे बोलणारा वाचक क्वचितच भेटतो. एक म्हणतो, कर्णाला न्याय मिळाला तो या पुस्तकात. दुसरा म्हणतो, कादंबरीकाराने व्यासांचा कर्ण धुऊन पुसून आपल्यापुढे ठेवला. दोघेही ‘मूळ महाभारतात’ असे म्हणून सुरुवात करतात. मुळात नेमके काय आहे, हे तपासण्याच्या निमित्तानेच मी या विषयाकडे वळलो.

कानावरचे महाभारत आणि हातातले पुस्तक

आमच्या भागापुरते एक ध्यानात घ्यावे लागते. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा हा हैदराबाद संस्थानातल्या पाच मराठी जिल्ह्यांपैकी एक. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाची राजवट होती आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या पिढीला महाभारत भेटले ते मुख्यतः कानांनी. चातुर्मासात देवळात श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ लागे, कीर्तनात आख्याने होत आणि लग्नानंतर घरी गोंधळ घातला जाई. त्यातला कर्ण दानशूर होता, पण तो आख्यानापुरता येई आणि जाई. त्याचे मन उकलून दाखवण्याची गरज पोथीला नव्हती.

शाळेत मराठी शिकलेली पहिली मोठी पिढी इथे पन्नास-साठच्या दशकांत तयार झाली आणि तिच्या हातात ‘मृत्युंजय’ पडली. कर्णावर मराठीत आधी लिहिलेच गेले नव्हते असे नाही. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ नाटक होते. पण सावंतांनी कर्णालाच बोलायला लावले. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या आत्मकथनांतून, नऊ खंडांत ही कादंबरी उभी आहे आणि त्यांतले चार खंड एकट्या कर्णाचे आहेत. ज्याला भर सभेत कूळ विचारून गप्प केले गेले, तो शेकडो पाने ‘मी’ म्हणून बोलतो. या ‘मी’चा परिणाम फार खोल झाला. घराण्यात पहिल्यांदाच पुस्तक हातात धरणाऱ्या वाचकाला तो आपलाच आवाज वाटला.

पुढे १९७३ मध्ये रणजित देसाईंची ‘राधेय’ आली. देसाईंनी सुरुवातीलाच सुचवून ठेवले की, हा कर्ण महाभारतात शोधू नका, तो आपल्या मनात सापडेल. सावंतांचा वाचक मात्र हा खुलासा मानायला तयार नव्हता. त्याला आपला कर्ण महाभारतातच हवा होता. वादाचे मूळ इथे आहे.

आक्षेप

आक्षेप घेणाऱ्यांत दोन प्रकार दिसतात. इरावतीबाई कादंबरीशी वाद घालत नाहीत. त्या कर्णाकडे ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर शोधत राहिलेला माणूस म्हणून पाहतात आणि त्या शोधात त्याचा तोल कुठे गेला तेही सांगतात. घोषयात्रेत गंधर्वांपुढून आणि विराटाच्या गोग्रहणात अर्जुनापुढून त्याने घेतलेली माघार त्या झाकत नाहीत. दाजी पणशीकरांनी मात्र सरळ मैदानात उतरून ‘कर्ण खरा कोण होता?’ हे पुस्तकच लिहिले. कर्णाचे उदात्तीकरण मूळ ग्रंथाला धरून नाही, हा त्यांचा मुद्दा. कर्णाच्या चाहत्यांना हे पुस्तक आजही सहन होत नाही. माझ्यापुढे काही जणांनी ते न वाचताच बाजूला सारले आहे.

वाद शेवटी तीन जागांवर येऊन थांबतो. पहिली जागा द्रोणांची, दुसरी द्रौपदीच्या स्वयंवराची, तिसरी द्यूतसभेची.

द्रोणांनी सूतपुत्र म्हणून कर्णाला शिकवलेच नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चिकित्सक आवृत्तीच्या आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेयाचे नाव स्पष्ट आहे, आणि तो अर्जुनाशी स्पर्धा करी असेही लिहिले आहे. नकार मिळाला तो ब्रह्मास्त्राला. ती हकीगत शांतिपर्वात येते. द्रोणांनी तिथे अधिकाराचे, म्हणजे वर्णाचेच कारण पुढे केले, आणि मग कर्ण परशुरामांकडे गेला. म्हणजे शाळेचे दार उघडे होते, शेवटचा वर्ग बंद होता. मला वाटते, आजच्या वाचकाला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त ओळखीची वाटेल.

स्वयंवराचा प्रसंग सर्वांत लोकप्रिय आहे. कर्ण धनुष्य उचलतो, प्रत्यंचा चढवतो, आणि द्रौपदी भर मंडपात म्हणते की, मी सूताला वरणार नाही. कादंबरीच्या वाचकांच्या मनात हा प्रसंग पक्का आहे आणि १९८८ पासून दूरदर्शनवर गाजलेल्या मालिकेने तो घरोघरी नेला. आदिपर्वाचे संपादक वि. स. सुखठणकर यांनी मात्र हे श्लोक मूळ पाठातून काढून तळटीपेत ठेवले आहेत, कारण ते थोड्याच हस्तलिखितांत सापडतात. मूळ पाठात काय उरते? अर्जुन ब्राह्मणवेशात उठतो तेव्हा इतर ब्राह्मण आपसांत कुजबुजतात की, कर्ण-शल्यांसारख्या बलवानांना जे धनुष्य वाकवता आले नाही, ते या पोराला कसे जमणार? म्हणजे तिथे द्रौपदीने कर्णाचा अपमान केलेला नाही. त्याला धनुष्य जमले नाही, एवढेच.

हा फरक किरकोळ नाही, कारण तिसऱ्या जागेचा सगळा बचाव या दुसऱ्या जागेवर उभा आहे. द्यूतसभेत विकर्ण द्रौपदीच्या बाजूने बोलतो तेव्हा त्याला गप्प करणारा कर्णच असतो. अनेक पतींच्या स्त्रीला तो जे विशेषण लावतो ते इथे लिहिण्यासारखे नाही. तिची आणि पांडवांची वस्त्रे उतरवून घे, असे दुःशासनाला सांगणाराही तोच. हे श्लोक तळटीपेत नाहीत, मूळ पाठात आहेत. चाहते म्हणतात, स्वयंवरातल्या अपमानाची ती जखम होती. पण अपमानाचा तो प्रसंगच मागाहून आलेला असेल, तर जखम कुठली? कर्णाच्या तोंडी आलेल्या शब्दांना कारण हवे होते, म्हणून परंपरेने द्रौपदीच्या तोंडी आधीच एक कठोर वाक्य घातले, असे अनुमान मला करावेसे वाटते. म्हणजे कर्णाच्या अपराधाचा भार द्रौपदीच्या डोक्यावर ठेवला गेला.

दोन्ही बाजूंनी न वाचलेली पाने

इथे टीकाकारांना आपण जिंकलो असे वाटेल. पण त्याच सभापर्वात, द्रौपदीने आपल्या प्रश्नाने आणि वरांनी पतींना सोडवल्यावर, कर्ण म्हणतो की, असे कृत्य केलेली दुसरी स्त्री ऐकिवात नाही. बुडणाऱ्या पांडवांना ती नाव होऊन पैलतीरी घेऊन गेली. हे कौतुक आहे की पांडवांना मारलेला टोमणा, यावर मतभेद होऊ शकतो. भीमाला तो टोमणाच वाटला. तरी सभेत द्रौपदीच्या पराक्रमाला नेमके शब्द दिले ते कर्णाने, हेही खरे.

उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगून राज्य देऊ करतो. तेव्हा कर्ण राधा आणि अधिरथ यांची माया आठवतो, सूतांच्या घरी अधिरथाने लावून दिलेली लग्ने आठवतो, मुले-नातवंडे आठवतो आणि नकार देतो. त्या बायकांची नावेही तो सांगत नाही. सावंतांची वृषाली अशा मोकळ्या जागेतून वाढली. त्याच संवादात तो कबूल करतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जे कठोर बोललो, त्याचा आज मला पश्चात्ताप होतो.

म्हणजे कर्णाचा पश्चात्ताप कादंबरीकाराला नव्याने निर्माण करावा लागत नाही. तो व्यासांकडे आहे. फक्त तिथला कर्ण सबब सांगत नाही. चाहत्यांनी त्याच्यासाठी शोधलेले कारण त्याने स्वतः कधी पुढे केलेले नाही. मला हा कर्ण कादंबरीतल्या कर्णापेक्षा कठीण वाटतो आणि मोठाही वाटतो.

तुळजापूरच्या वाटेवरचे जांभूळ

मूळ पाठाचे एवढे सांगितल्यावर, बदल करणाऱ्या सगळ्यांनाच दोषी धरायचे का? तसे केले तर आमच्या तुळजापूरच्या वाटेवर उभ्या असलेल्या गोंधळ्यांनाही धरावे लागेल. संबळ, तुणतुणे आणि दिवटी घेऊन भवानीचा जागर करणाऱ्या गोंधळ्यांच्या परंपरेत जांभूळ आख्यान आहे. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर आणले तेव्हा शहरांनाही त्याची ओळख झाली. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो, पण गाभा असा की, झाडावरून उतरलेले जांभूळ पुन्हा देठाला लागावे म्हणून प्रत्येकाला मनातले खरे सांगावे लागते, आणि द्रौपदीला कबूल करावे लागते की, तिच्या मनात कर्ण आहे.

चिकित्सक आवृत्तीत याचा मागमूस नाही. ‘मृत्युंजय’च्या कितीतरी आधीपासून लोक कर्णाचे चित्र बदलत होते, हे यावरून दिसते. पण बदलाची दिशा पाहावी. स्वयंवराच्या वाढीव श्लोकांत द्रौपदी कर्णाला जातीवरून नाकारते. गोंधळ्यांच्या आख्यानात ती त्याला मनातून स्वीकारते, आणि तिचा तो मोह सांगताना आख्यान तिला खाली पाडत नाही. तिच्या खरेपणावर तर जांभूळ पुन्हा झाडाला लागते. दोन्ही प्रक्षिप्तच. पण एकात कर्णाला वर चढवण्यासाठी स्त्रीला पायरी केले आहे, दुसऱ्यात दोघांनाही माणूस केले आहे. कुणी मूळ बदलले म्हणून मी त्याच्याशी भांडणार नाही. बदलताना किंमत कोणाकडून वसूल केली, हे मात्र विचारीन.

आमच्या जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला सांगितले होते की, कर्णाला नावे ठेवली की ती त्यांना स्वतःला ठेवल्यासारखी लागतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांना आडनावावरून जात विचारली गेली होती. त्यांच्यासमोर तळटीपा उघडून बसण्यात अर्थ नव्हता. रंगभूमीवर कृपाने कूळ विचारणे आणि घामाघूम अधिरथ आल्यावर भीमाने ‘चाबूक घे’ म्हणून हिणवणे, हे प्रसंग मूळ पाठातच आहेत. त्यांचा कर्ण खोटा नाही. दुसरीकडे, एका वाचक मैत्रिणीने विचारले होते की, कर्णाचा अपमान सगळ्यांना पाठ आहे, मग त्याने केलेला अपमान कोण पाठ करणार? तिची द्रौपदीही खोटी नाही.

या दोघांना समोरासमोर बसवता येईल, अशी सोय ग्रंथातच आहे. महाभारत आपल्यापर्यंत आले ते नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना ते सांगणाऱ्या उग्रश्रव्याच्या तोंडून. उग्रश्रवा सूत, युद्धाची हकीगत सांगणारा संजयही सूत. ज्या जातीवरून कर्णाला हिणवले गेले, त्याच जातीच्या माणसांनी ही कथा सांगितली आणि कर्णाचा अपमान सांगताना त्याचा अपराधही गाळला नाही. आपल्याच माणसाविषयी इतके सरळ बोलता येते, हे सूतांनी दाखवून दिले आहे. ‘मृत्युंजय’ आवडीने वाचणाऱ्याने एकदा सभापर्व आणि उद्योगपर्वही उघडावे. कर्णावरचे प्रेम त्याने कमी होणार नाही, आणि द्रौपदीकडे पाहताना मान खाली घालावी लागणार नाही.