डोंगरवाटेवरील पाणी : पोढीपासून विहिरीपर्यंत

परभणी जिल्हा म्हटला की गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी, कसदार जमीन प्रथम नजरेसमोर येते. ज्वारी-कापसाच्या या सपाट प्रदेशाच्या उत्तरेस, जिंतूर तालुक्यात, मात्र भूमीचे रूप पालटते. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडे पसरलेले फाटे येथे उतरले आहेत. माती पातळ, खडक उघडा आणि झाडी विरळ असा हा भाग. जिंतूर शहरापासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावरील नेमगिरी आणि तिच्या शेजारची चंद्रगिरी या टेकड्या याच मुलखातल्या. नेमगिरीच्या पोटातील भुयारवजा गर्भगृहांत वाकूनच प्रवेश करावा लागतो आणि आत पाऊल टाकताच भगवान नेमिनाथ, भगवान पार्श्वनाथ आदी तीर्थंकरांच्या भव्य मूर्तींचे दर्शन घडते. जिंतूरचे जुने नाव जैनपूर असल्याचे परंपरेने सांगितले जाते.

चैत्र-वैशाखात ही टेकडी चढणाऱ्या भाविकाला दर्शनाइतकीच आस लागते ती पाण्याची. आज हातात बाटली असते, पायथ्यापर्यंत वाहन येते. त्यामुळे हा प्रश्न फारसा जाणवत नाही. परंतु ज्या काळी यात्रा पायी होत असे आणि मुनिसंघांचा विहार रानावनांतून चाले, त्या काळी डोंगरावरील वास्तव्याचा पहिला प्रश्न पाणी हाच होता. गुंफा कोरणाऱ्याने मूर्तीसाठी पाषाण निवडला, तसाच पाण्याचाही विचार केला असला पाहिजे. तो कसा केला, याची साक्ष महाराष्ट्राच्या डोंगरांत पुष्कळ ठिकाणी उरली आहे.

त्यातील सर्वांत जुनी साक्ष पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात आहे. कामशेतजवळील पाले या गावाच्या डोंगरातील लहानशा लेण्यात एक ब्राह्मी शिलालेख असून, डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील हा लेख अरिहंतांना नमन करून सुरू होतो आणि इंदरखित नावाच्या भदंताने लेणे व पोढी करविल्याची नोंद करतो. ‘भदंत’ हा शब्द बौद्धांतही रूढ असल्याने काही अभ्यासकांनी लेखाच्या जैनत्वाविषयी शंका उपस्थित केली आहे. तथापि आरंभीचे नमन पाहता हा महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेख होय, हेच मत अधिक प्रचलित आहे आणि ते ग्राह्यही वाटते. २०१९ मध्ये तेथून जवळच, लोहगडच्या परिसरात, डोंगर धुंडाळणाऱ्या हौशी अभ्यासकांच्या एका गटाला तशाच आरंभाचा आणि त्याच दात्याचे नाव असलेला दुसरा ब्राह्मी लेख आढळला. त्यातही पाण्याच्या टाक्यांच्या दानाचा उल्लेख आहे.

पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. हा प्राकृत शब्द सातवाहनकालीन लेण्यांत वारंवार भेटतो. भाजे येथील एका टाक्यावर ते विण्हुदत नावाच्या महारठीचे दान असल्याचे कोरलेले आहे. कान्हेरीच्या डोंगरात तर जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी टाके आहे आणि त्यांतील कित्येकांवर दात्यांची नावे आहेत. व्यापाऱ्यांच्या वर्दळीच्या नाणेघाटातही टाक्यांची रांग आढळते. श्रमणांचा पंथ कोणताही असो, डोंगरावरच्या पाण्याचे दान हे त्या काळी लेण्याच्या दानाच्या बरोबरीचे मानले जाई. महाराष्ट्रातील जैनांचा इतिहास ज्या ओळीपासून सुरू होतो, त्या ओळीतच पाण्याचा उल्लेख यावा, ही बाब मात्र आजवर जितकी लक्षात घ्यावयास हवी होती तितकी घेतली गेलेली नाही.

येथे एक शंका सहज उद्भवते. जैन मुनी कच्च्या पाण्याला स्पर्श करीत नाहीत. श्रावकाने विधिपूर्वक दिलेले प्रासुक जलच ते घेतात. मग मुनींच्या गुंफेपाशी टाके कशासाठी? याचे उत्तर त्या शंकेतच दडलेले आहे. टाके होते याचा अर्थ ते वापरणारे श्रावक तेथे येत-जात होते. पाणी गाळून, तापवून आहाराची व्यवस्था करणारे हात जवळपास होते. एकांतात तप करणाऱ्या साधूच्या मागेही अशा रीतीने एक वस्ती उभी असे. तिचे नाव शिलालेखात येत नाही, तिच्या पाण्याचे टाके मात्र राहिले.

हे पाणी सापडत कसे असे, हा प्रश्न अधिक रोचक आहे. दख्खनचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनले. त्यांतील अखंड काळा कातळ पाणी जिरू देत नाही; सच्छिद्र व भेगाळलेला थर ते धरून ठेवतो; तर दोन थरांमध्ये क्वचित सापडणारा तांबड्या मातीचा पट्टा ते खाली जाऊ देत नाही. पावसाचे पाणी वरच्या पठारावर मुरते, भेगांतून उतरते आणि असा आडवा थर लागला की डोंगराच्या कुशीतून बाजूला झिरपू लागते. डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवर हिरवी रेघ दिसते ती याच झिरप्याची. लेणी कोरणारे कारागीर हे जाणून होते. त्यांनी टाके बहुधा कड्याच्या आत, सावलीत घेतले आणि त्याचे तोंड लहान ठेवले, म्हणजे उन्हाने पाणी आटत नाही. मोठे टाके असेल तर छताला आधार म्हणून मध्ये खांब राखले आणि वरच्या कातळावर बारीक पन्हळ्या खोदून पावसाची धार टाक्याकडे वळविली. ज्या टाक्याला झिरपा लाभला ते ज्येष्ठापर्यंत टिके. केवळ पावसावर भरणारे त्यापूर्वीच तळ दाखवी. वाटसरूच्या दृष्टीने हा भेद जीवन-मरणाचा होता.

ग्रंथांतूनही हे ज्ञान आढळते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचे एक संपूर्ण प्रकरण भूमिगत पाणी शोधण्यावर आहे. जांभळाचे झाड असेल तर त्याच्या उत्तरेस तीन हातांवर, दोन पुरुष खोलीवर पाण्याची शीर असते, अशा स्वरूपाचे ठोकताळे त्यात दिले आहेत. उंबर, वेतस, वारुळे, मातीचा रंग यांचीही लक्षणे सांगितली आहेत. त्यातील अंतरे शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु जांभूळ व उंबर ओलाव्याच्या आधाराने वाढतात, हे निरीक्षण आजही चुकत नाही. विशेष म्हणजे वराहमिहिराचे ‘पुरुष’ हे माप मराठवाड्यातील विहीर खोदणाऱ्यांच्या तोंडी ‘परस’ या रूपाने टिकून राहिले. विहीर किती परस खोल आहे, असेच जुनी माणसे विचारीत. गुराख्यांची विद्या याहून साधी : सांजवेळी पाखरे कोणत्या घळीकडे उतरतात, गुरांच्या पायवाटा कोठे एकत्र येतात, मधमाश्या कोणत्या दिशेने ये-जा करतात, एवढे पाहिले की पुरे.

मराठवाड्यातील जैन लेण्यांचा मुकुटमणी म्हणजे वेरूळ. तेथील क्रमांक ३० ते ३४ ही लेणी नवव्या-दहाव्या शतकांतील असून, डोंगरातून कोसळणाऱ्या येळगंगेच्या ओढ्याचा शेजार तेथील समस्त लेण्यांना लाभला आहे. त्यांच्या वरच्या अंगाला डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची विशाल मूर्ती असून ती शके ११५६ मध्ये, म्हणजे इ. स. १२३४-३५ च्या सुमारास, वर्धनपूरच्या चक्रेश्वराने करविल्याचे तिच्यावरील लेख सांगतो. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांत टंकाईच्या बाजूस जैन लेणी आहेत, आणि अंकाईच्या माथ्यावर पाण्याचा तलाव आहे. बागलाणातील मांगी-तुंगीच्या सुळक्यांवर हजारो पायऱ्यांची चढण चढून जाणाऱ्याला कृष्णकुंड नावाने ओळखले जाणारे पाणी भेटते. गुजरातेतील शत्रुंजयावर तर चढणीच्या टप्प्याटप्प्यावर कुंडे आहेत आणि यात्रेकरूंसाठी उकळलेल्या पाण्याच्या पाणपोया चालविल्या जातात. तेथेच चोविहार छठ करून, म्हणजे दोन दिवस अन्न-पाणी दोन्ही वर्ज्य करून, सात यात्रा पूर्ण करणारे तपस्वीही असतात. पाण्याची इतकी काटेकोर सोय करणारा समाज पाण्यावाचून चढण्याचे व्रतही घेतो!

परभणीच्या सपाटीवर टाक्याची जागा बारवेने घेतली. यादवकाळापासून या भागात बारवांची परंपरा दिसते. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव तेथील प्राचीन मंदिरांप्रमाणेच बारवांसाठी प्रसिद्ध आहे. सेलू तालुक्यातील वालूरची बारव तिच्या चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांमुळे दुर्मीळ गणली जाते. बारवेत माणूस स्वतः पाण्यापर्यंत उतरतो. त्यामुळे पाणी कितीही खाली गेले तरी दोर पुरण्याचा प्रश्न उरत नाही. पायी चालणाऱ्या यात्रेकरूस यासारखा आधार दुसरा नव्हता.

जैन आचारात पाण्याचा प्रश्न केवळ ते मिळण्यापाशी संपत नाही. पाणी जाड, दुहेरी कापडाने गाळावे लागते. शास्त्रात या छन्न्याचे माप छत्तीस अंगुळे लांब व चोवीस अंगुळे रुंद असे दिले आहे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. लवंगादी द्रव्याने प्रासुक केलेल्याची सहा तास. आणि उकळलेल्याची चोवीस तास. छन्न्यावर राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजेच जिवाणी, ज्या जलाशयातून पाणी घेतले त्याच जलाशयात परत सोडावयाची असते, आणि तीही उंचावरून न फेकता. त्यासाठी तळाला कडी असलेली बादली दोराने अलगद पाण्यापर्यंत उतरवून तेथेच उपडी करण्याची रीत पडली. स्थानकवासी साधु-साध्वी धोवण पाणी घेतात, त्यांचे नियम निराळे; पण पाण्यातील जीवाची काळजी दोन्हीकडे सारखीच.

या एका नियमाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार मोठी अडचण निर्माण केली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात धान्य नव्हते, तरी जुन्या विहिरींत पाणी होते, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. त्याच सुमारास विंधन यंत्रे गावोगाव फिरू लागली. शेजारच्या जालना येथे स्कॉटिश मिशनच्या पाणीपुरवठा कार्यातून १९७० च्या आसपास पोलादी हातपंप घडला. तो ‘जालना पंप’ या नावाने ओळखला गेला आणि पुढे सोलापूरच्या सुधारित पंपाच्या वाटेने ‘इंडिया मार्क टू’ या देशभर पोहोचलेल्या हातपंपाच्या पूर्वजांत गणला गेला. लाखो घरांची तहान त्याने भागविली, हे निर्विवाद. परंतु हातपंपातून व कूपनलिकेतून वर आलेल्या पाण्याची जिवाणी परत कोठे सोडावयाची? दिगंबर मुनिसंघाच्या चौक्यात म्हणूनच आजही विहिरीचे पाणी लागते. नळाचे चालत नाही.

आणि विहिरीच तर नाहीशा होत गेल्या. १९६८ मध्ये पूर्णा नदीवरील येलदरी धरण पूर्ण झाले, शहरांना नळ आले, शेतात विद्युतपंप बसले. घराच्या अंगणातील आड बुजवून त्यावर खोल्या उभ्या राहिल्या. कूपनलिका जसजशा खोल गेल्या तसतसा उथळ विहिरींचा झरा आटला. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांच्या टंचाईत दुकानांत धान्य होते, पाणी मात्र नव्हते. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी मराठवाड्यातून विहार करणाऱ्या संघाचा मार्ग अंतरावर ठरत नाही. तो विहिरींवर ठरतो.

मुनिसंघ येणार असे कळले की गावातील दोघे-तिघे श्रावक आधी रस्त्यावर निघतात. मुक्कामाचे गाव, शाळेची खोली, मंदिर हे सर्व नंतर. प्रथम विहीर पाहावयाची. मालकाची परवानगी घ्यावयाची, पाणी किती परस आहे ते दोर सोडून मोजावयाचे, पंप बसविला असला तरी दोराने शेंदता येईल असा एखादा काठ मोकळा आहे का, तेही पाहावयाचे. मावळच्या डोंगरात इंदरखिताने पोढी कोरविताना जो विचार केला असेल, तोच विचार हे श्रावक जिंतूर ते परभणी या वाटेवर करीत असतात. विहिरीत पाणी दिसले की दोराला गाठ मारून खूण केली जाते आणि मंडळी पुढच्या गावाकडे वळतात.