बालकांचीं संगीतपुस्तकें : एक उपेक्षित साधन

जुन्या वाड्यांतून दप्तरें बाहेर निघतात तेव्हां बखरी, महजर व पत्रें आपण आदरानें उचलतों. आणि त्यांच्याच शेजारीं पडलेली मुलांच्या गाण्याची फाटकी वही किंवा स्वरलिपीचें छापील पुस्तक रद्दींत जाऊं देतों. मुलांस संगीताकडे वळविण्याचा उद्योग आपल्याकडे कोणत्या क्रमानें झाला हें ठरविण्यास हींच साधनें मुख्य होत. यास्तव त्यांविषयीं थोडें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं ही विद्या मुखानें दिली जाई व ती मिळविण्यास गुरुगृहीं राहून सेवा करावी लागे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांनीं ग्वाल्हेरची गायकी अशाच कष्टानें संपादून महाराष्ट्रांत आणिली. या रीतीनें गवई निपजले, यांत संशय नाहीं; परंतु पांढरपेशा गृहस्थाच्या मुलानें शाळेंतल्या इतर विषयांप्रमाणें गाणेंही शिकावें, ही कल्पना तींत सामावत नव्हती.

पुण्यांत १८७४ सालीं गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं १८८६ सालीं गायनशाळा काढिली व स्वरलिपीचा आधार घेऊन क्रमिक शिक्षण सुरू केलें. पुढें पाश्चात्य देशांत ख्याति पावलेले इनायतखां हे मौलाबक्षांचे दौहित्र. त्यांचें बाळपण याच वातावरणांत गेलें.

बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें व १९०८ सालीं मुंबईस कार्य आरंभिलें. त्यांचा विशेष असा कीं, नुसते गायक न घडवितां शिकविणारे घडविण्यासाठीं त्यांनीं उपदेशक-वर्ग चालविला आणि मुलांकरितां सोपीं पुस्तकें छापिलीं. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास हे त्यांच्याकडे कोवळ्या वयांतच आले. पैकीं पटवर्धनांनीं १९३२ सालीं पुण्यास स्वतंत्र विद्यालय काढिलें. मुलास विद्येची गोडी उपदेशानें लागत नाहीं. आज येईल एवढाच धडा पुढें ठेवणारा शिक्षक भेटला म्हणजे ती लागते, हें या परंपरेवरून दिसून येतें.

आतां संग्राहकांच्या उपयोगाची गोष्ट. दुसरी लिपि विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांची. त्यांची क्रमिक पुस्तकमालिका सहा भागांची असून मुळांत मराठी आहे. या दोन लिप्यांत एकच चिन्ह भिन्न अर्थानें येतें. भातखंडे-पद्धतींत स्वरावरील बिंदु तारसप्तक दाखवितो, तर रूढ पलुसकर-पद्धतींत तोच बिंदु मंद्रसप्तक दाखवितो. स्वरावरील उभी रेघ एकींत तीव्र मध्यमाची खूण, तर दुसरींत तारसप्तकाची. कोमल स्वर भातखंडे खालीं आडवी रेघ देऊन दाखवितात, पलुसकर-पद्धतींत तेथें हलन्ताचें चिन्ह येतें. तेव्हां वही कोणत्या पद्धतीची हें आधीं न ठरवितां ती वाचूं गेल्यास खालचा स्वर वर जाऊन चीज पार बिघडेल. शिवाय पलुसकरांची आरंभींची लिपि अधिक चिन्हांची होती व ती पुढें सुलभ करण्यांत आली. यामुळें मितीवांचून मिळालेल्या वहीचा काळ अजमावण्यासही लिपीचें साह्य होतें.

अशा वहींत मुलाचें नांव, धड्याची तारीख, गुरुजींनीं केलेली दुरुस्ती व चिजेचा पाठभेद हीं एकाच पानावर सांपडूं शकतात. छापील ग्रंथांत चीज कशी असावी तें मिळतें. ती मुलास प्रत्यक्ष कशी शिकविली, तें वहींतच मिळतें. तरी ज्यांच्या संग्रहीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या मोडींतल्या कागदांइतक्याच जपाव्या, समासांतील पेन्सिलीच्या खुणा पुसूं नयेत आणि नक्कल करितांना मूळचीं चिन्हें जशींच्या तशीं उतरावीं, अशी आमची विनंति आहे.