डोळ्यात भरलेलं तेल कधी काढायचं? काढल्यावर नजर किती येते? वाचा सविस्तर

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्याला डॉक्टर रेटिना म्हणतात. मार लागणे, मोठा मायनस नंबर, जुना मधुमेह अशा कारणांनी हा पडदा जागेवरून सुटतो. ऑपरेशन करून तो परत बसवतात आणि दाबून धरायला काही रुग्णांच्या डोळ्यात सिलिकॉन तेल भरतात. पुढे "दिसतंय की, सुगी झाल्यावर बघू" म्हणत काही जण तेल काढायला जातच नाहीत. इथंच घात होतो.

तेल का काढायचं?
गॅस भरला तर तो आपोआप जिरतो, तेल जिरत नाही. जास्त दिवस राहिलं की त्याचे बारीक थेंब सुटतात. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू वाढतो, बुबुळावर पांढुरकी झाक येऊ शकते. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही.

कधी काढतात?
साधारण ३ ते ६ महिन्यांनी, पडदा घट्ट बसल्याची खात्री करून. पडदा वारंवार सुटणारा असेल किंवा डोळ्याचा दाब फारच कमी असेल, तर डॉक्टर तेल तसंच ठेवतात.

काढल्यावर काय होतं?
बहुतेकांचा पडदा जागेवर राहतो. मात्र शंभरात दहा-वीस जणांचा परत सुटल्याचं अनेक अभ्यासांत दिसतं. हा धोका पहिल्या काही आठवड्यांत, महिन्यांत जास्त. म्हणून तपासणीची एकही तारीख चुकवू नका.

नजर किती येईल हे पडद्याचा मधला भाग सुटला होता का, आणि किती दिवस सुटलेला होता, यावर ठरतं. तेलामुळं चष्म्याचा नंबर बदललेला असतो. ते निघाल्यावर नंबर पुन्हा बदलतो, त्यामुळं नवा चष्मा डॉक्टर सांगतील तेव्हाच करा.

लगेच दवाखाना गाठा
डोळ्यापुढं वीज चमकल्यासारखं होणं, अचानक काळे ठिपके वाढणं, एका बाजूनं सावली येणं, डोळा लाल होऊन दुखणं किंवा नजर कमी होणं. दुखत नाही म्हणून थांबू नका, पडदा सुटताना दुखत नाही. मेडिकलमधून मनानं ड्रॉप आणून टाकू नका.

खर्चाची अडचण असेल तर ऑपरेशन सरकारी योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. रेशन कार्ड, आधार आणि पहिल्या ऑपरेशनची फाईल सोबत ठेवा.