लोखंडी निशाण ते पोलादी लक्ष्य : चांदमारीतील सुरक्षिततेचा इतिहास आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसर

प्रस्तावना :

शस्त्रांचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. तलवार, तोफ, बंदूक यांच्या उत्क्रांतीवर ग्रंथ उपलब्ध आहेत. मात्र ज्यावर नेम धरून सैनिक, पोलीस आणि खेळाडू तयार झाले, त्या निशाणाच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः निशाण कशाचे असावे, ते कोठे उभारावे आणि त्यावर किती अंतरावरून गोळी झाडावी, या प्रश्नांची उत्तरे मानवाने अपघातांतून आणि धातुशास्त्राच्या प्रगतीतून मिळविली आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात लोखंडी व पोलादी निशाणांच्या वापराचा ऐतिहासिक आढावा घेऊन त्यांची निवड व सुरक्षित वापर यांमागील तत्त्वे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा लष्करी आणि औद्योगिक वारसा लाभलेला पट्टा संदर्भक्षेत्र म्हणून घेतला आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

चांदमारी : संकल्पना व प्रारंभ

नेमबाजीच्या सरावाला आणि त्या सरावाच्या मैदानाला मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत ‘चांदमारी’ हा शब्द रूढ आहे. निशाणावरील गोल ठिपका म्हणजे चांद आणि त्यावर गोळी मारणे म्हणजे चांदमारी, अशी या शब्दाची घडण आहे. छावणी असलेल्या अनेक भारतीय शहरांत आजही चांदमारी या नावाच्या वस्त्या आढळतात. मैदान नाहीसे झाले तरी नाव टिकून राहिले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आटे पाडलेल्या नळीच्या बंदुका प्रचारात आल्या आणि दूरवरच्या नेमबाजीला शास्त्राचे स्वरूप आले. इंग्लंडमध्ये १८६० साली विम्बल्डन येथे राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा भरली. २ जुलै १८६० रोजी व्हिक्टोरिया राणीने व्हिटवर्थ बंदुकीतून पहिली गोळी झाडून तिचे उद्घाटन केले. या काळातील निशाणे लोखंडाच्या जाड पत्र्यांची असत. त्यांवर चुना फासून मध्यभाग काळा रंगविला जाई. गोळी लागली की धातूचा आवाज येई व शिशाचा डाग उमटे. आडोशाला बसलेला माणूस निशाणी दाखवून फळ कळवी आणि डागावर पुन्हा रंग देई. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ १८७३ साली सुरू झालेल्या क्रीडमूर मैदानावरही आरंभी लोखंडी निशाणेच होती.

ही व्यवस्था टिकाऊ व कमी खर्चाची होती, तथापि ती निर्धोक नव्हती. कठीण पृष्ठभागावर आदळलेले शिसे फुटून त्याचे शिंतोडे चहूकडे उडत. ओतीव लोखंड ठिसूळ असल्याने त्याला तडे जात. डाग पुसण्यासाठी पुढे येणाऱ्या माणसाच्या जिवाला सतत धोका असे. परिणामी १८७० च्या दशकात किंतान व कागदाची निशाणे पुढे आली. ती खंदकातून वरखाली करता येत आणि निशाणी दाखविणारा माणूस मातीच्या भिंतीमागे सुरक्षित राही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा मानावा लागतो. कारण येथे प्रथमच नेमबाजाच्या सोयीपेक्षा मैदानावर राबणाऱ्या माणसाच्या जिवाचा विचार व्यवस्थेच्या मुळाशी आला.

गोळीचा वेग आणि लोखंडाची मर्यादा

लोखंडी निशाण मागे पडण्यास गोळीच्या वेगात झालेली वाढही कारणीभूत ठरली. मार्टिनी-हेन्री बंदुकीची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघत असे. १८८८ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीची धातूचे कवच असलेली गोळी सुमारे ६०० मीटरपर्यंत पोहोचली. १९१० च्या सुमारास आलेल्या .३०३ च्या टोकदार गोळीने ७४० मीटरचा टप्पा ओलांडला. त्यानंतरच्या ७.६२ मि.मी. गोळीचा वेग सुमारे ८४० मीटर, तर ५.५६ मि.मी. गोळीचा वेग ९०० मीटरच्या आसपास आहे.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. ७.६२ मि.मी. गोळीची ऊर्जा ५.५६ मि.मी. गोळीच्या जवळजवळ दुप्पट असते, तरीही जवळच्या अंतरावर पोलादाला खड्डा पाडण्याची क्षमता हलक्या पण वेगवान गोळीत अधिक दिसते. सर्वसाधारणपणे सेकंदाला ९०० मीटरच्या पुढे गेलेला वेग हा कठीण पोलादालाही घातक समजला जातो. म्हणजेच निशाणाची निवड केवळ बंदूक ‘मोठी’ की ‘लहान’ यावरून करता येत नाही. निशाणापर्यंत पोहोचताना गोळीचा वेग किती उरतो, हा निर्णायक प्रश्न ठरतो.

परिसराचा लष्करी-औद्योगिक वारसा

शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेल्या शिवमंदिराचे गाव म्हणून अंबरनाथ इतिहासाला परिचित आहे. विसाव्या शतकात मात्र या गावाची ओळख बदलली. १९२० च्या दशकात येथे आगपेट्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारी कल्याण येथे ब्रिटिशांनी विस्तीर्ण लष्करी तळ वसविला. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही तेथील रहिवासी आपला पत्ता ‘कॅम्प’ क्रमांकाने सांगतात.

स्वातंत्र्योत्तर काळात अंबरनाथ येथे संरक्षण खात्याचे दोन कारखाने आले. एक यंत्रसामग्रीच्या आद्य नमुन्यांसाठी, तर दुसरा काडतुसांसाठी लागणाऱ्या पितळासारख्या मिश्रधातूंच्या निर्मितीसाठी. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर पहिला आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये व दुसरा यंत्र इंडिया या कंपनीत समाविष्ट झाला. नौदलाच्या सामग्रीवर संशोधन करणारी प्रयोगशाळाही अंबरनाथ येथेच आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती अंबरनाथ व बदलापूर येथे विस्तारल्या, तर उल्हासनगर लहान कारखानदारीसाठी प्रसिद्धीस आले.

तात्पर्य, या पट्ट्यात धातू वितळविणे, कापणे, जोडणे व घडविणे ही कौशल्ये तीन पिढ्यांपासून नांदत आहेत. पत्रा कापून देणारा कारागीर येथे सहज उपलब्ध होतो, ही बाब अर्थातच उपकारक आहे. परंतु निशाणाच्या संदर्भात हीच सुलभता धोक्याची ठरू शकते. कारण पोलादाचा कोणताही तुकडा गोल कापून टांगला म्हणजे निशाण होत नाही.

पोलादी लक्ष्याचे पुनरागमन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूची निशाणे पुन्हा वापरात आली. मेक्सिकोमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्राण्यांच्या आकाराच्या पोलादी आकृत्या पाडण्याची स्पर्धा सुरू झाली. कोंबडी, डुक्कर, टर्की व मेंढा या आकृत्या पुढे अमेरिकेत लोकप्रिय झाल्या. बर्फावरील घसरण व नेमबाजी यांचा संगम असलेल्या बायथलॉनमध्ये १९७८ पासून .२२ ची रायफल स्वीकारली गेली. तेथे ५० मीटरवर पडून झाडताना ४५ मि.मी. आणि उभ्याने झाडताना ११५ मि.मी. व्यासाच्या धातूच्या चकत्या पाडाव्या लागतात. १९७६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी महासंघानेही पोलादी निशाणांना स्थान दिले.

हे पुनरागमन शक्य झाले ते उष्णोपचारित कठीण पोलादामुळे. स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० साली कठीणता मोजण्याची पद्धत मांडली. विम्बल्डनच्या व्यवस्थापकांकडे असे कोणतेही परिमाण नव्हते. त्यामुळे लोखंड ‘जाड’ असणे म्हणजेच ते ‘सुरक्षित’ असणे, अशी समजूत प्रचलित राहिली. ही समजूत आजही पूर्णपणे नाहीशी झालेली नाही.

निवडीची तत्त्वे

साध्या सौम्य पोलादाची कठीणता ब्रिनेल मापनात सुमारे १२० ते १४० असते. निशाणासाठी वापरल्या जाणाऱ्या झीजरोधक पोलादाची कठीणता ५०० च्या आसपास असते. या फरकातच सुरक्षिततेचे मर्म आहे. कठीण व सपाट पृष्ठभागावर आदळलेली गोळी चूर होते आणि तिचे कण पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, साधारण २० अंशांच्या आत बाजूंना फेकले जातात. सौम्य पोलादात मात्र रायफलीची गोळी खड्डा पाडते. दुसरी गोळी त्याच खड्ड्यात शिरली तर तिचे कण वाडग्यातून उसळल्याप्रमाणे वळून थेट नेमबाजाकडे परततात. म्हणून खड्डे पडलेले, वाकलेले वा तडा गेलेले निशाण कितीही जाड असले तरी बाद करावे लागते.

जाडी सामान्यतः १० मि.मी. च्या आसपास घेतली जाते. कापण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. उष्णोपचाराने मिळविलेली कठीणता वायूच्या ज्योतीने कापताना कडेच्या पट्ट्यात नष्ट होते, म्हणून लेसर वा पाण्याच्या झोताने केलेली कापणी श्रेयस्कर ठरते. याच कारणास्तव दर्शनी भागावर वेल्डिंग करणे टाळावे लागते. तसेच नट-बोल्टची डोकी वा साखळीच्या कड्या गोळीच्या मार्गात येऊ नयेत, अन्यथा कणांची दिशा अनिश्चित होते.

सुरक्षित वापराची तत्त्वे

निशाणाचा वरचा भाग नेमबाजाकडे सुमारे २० अंश झुकवून टांगल्यास बहुतांश कण जमिनीकडे वळतात. निशाणाला थोडे हलण्यास वाव ठेवल्यास आघाताचा जोरही विभागला जातो. खालची जमीन मऊ मातीची असावी, दगड व काँक्रीट नसावे. निशाणामागे मातीचा पुरेसा उंच बांध असणे अनिवार्य आहे, कारण निशाण चुकलेली गोळी पोलाद अडवू शकत नाही.

अंतराच्या बाबतीत पिस्तुलासाठी किमान १० मीटर व मध्यम शक्तीच्या रायफलीसाठी सुमारे १०० मीटर हा संकेत सावधपणाचा मानला जातो. पोलादी गाभ्याची वा चिलखतभेदी गोळी अशा निशाणावर वापरू नये. लोहचुंबकाने काडतुसाची प्राथमिक तपासणी करता येते. हवेच्या बंदुकीचे पोलादी छर्रे पोलादावर मारणे विशेष धोक्याचे असते, कारण ते चूर न होता जसेच्या तसे परत उसळतात. मैदानावरील प्रत्येकाने, केवळ नेमबाजाने नव्हे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा व कानांवर संरक्षण वापरावे. सरावानंतर हात-तोंड धुतल्याखेरीज खाणे-पिणे करू नये, कारण शिशाची सूक्ष्म धूळ शरीरात जाते. मैदानावरील शिसे भंगारासाठी वेचू देणे हेही त्याच कारणास्तव अनिष्ट आहे.

शैक्षणिक व कायदेशीर संदर्भ

भारतात संघटित नेमबाजीच्या क्रीडाचळवळीचा पाया घालण्यात गणेश वासुदेव मावळंकर या मराठी भाषिक नेत्याचा मोठा वाटा आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष असलेल्या मावळंकरांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. त्यापूर्वीच १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली होती. अंजली भागवत यांच्यासारख्या ऑलिंपिक खेळाडूची सुरुवात महाविद्यालयीन छात्रसेनेतूनच झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. या यशामुळे महाविद्यालयांत नेमबाजीचे आकर्षण वाढणे स्वाभाविक आहे.

ऑलिंपिक प्रकारातील रायफल व पिस्तुलाचे निशाण कागदी वा इलेक्ट्रॉनिक असते. तेथे पोलाद येते ते निशाणामागे गोळी अडविणाऱ्या तिरप्या सापळ्याच्या रूपात. वर सांगितलेली तत्त्वे या सापळ्यालाही लागू पडतात. १९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे शस्त्र नियम यांनी शस्त्रे, नेमबाजी मंडळे व सरावाची मैदाने परवान्याच्या कक्षेत आणली आहेत. लष्करी गोळीबार सरावासाठी १९३८ चा स्वतंत्र कायदा आहे. मात्र पत्र्याला पडलेला खड्डा पाहून सराव थांबविण्याचा निर्णय परवान्याच्या कागदावर होत नाही. तो मैदानावर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला घ्यावा लागतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, लोखंडी निशाण एकोणिसाव्या शतकात मागे पडले ते त्याच्या धोक्यामुळे आणि विसाव्या शतकात पोलाद परतले ते धातुशास्त्राने दिलेल्या मोजमापामुळे. जाडीवरील विश्वासाची जागा कठीणता, कोन व अंतर यांच्या शिस्तीने घेतली. ही शिस्त सुटली की आधुनिक पोलादही विम्बल्डनच्या ओतीव पत्र्याइतकेच धोकादायक ठरते. धातुकामाची दीर्घ परंपरा असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात पत्रा कापणाऱ्या कारागिराचे कौशल्य आणि हे ऐतिहासिक ज्ञान यांची सांगड घालणे शक्य आहे. परिसरातील महाविद्यालयांनी छात्रसेनेच्या प्रशिक्षणात नेम धरण्याच्या धड्यापूर्वी निशाण तपासण्याचा धडा समाविष्ट केल्यास, खंदकातील माणसाला वाचविण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी झालेल्या बदलाचा मूळ हेतू खऱ्या अर्थाने जपला जाईल.