फुकट होतं, पण सगळ्यांचं होतं का? चोपड्यातल्या मे महिन्याची गोष्ट

एप्रिल सरत आला की मोबाईलवर उन्हाळी शिबिरांची पत्रकं फिरू लागतात. पोहणं, चित्रकला, रोबोट, आणि खाली फीचा आकडा. घरात दोन मुलं असली की आईबाप तिथेच थांबतात. त्यात २०२५ मध्ये गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले, म्हणजे मोठ्या मुलांना सुट्टी उरली ती मे महिन्याचीच. मग घरातली जुनी माणसं म्हणतात, "आमच्या वेळी कसली शिबिरं? सगळं फुकट होतं."

खरं आहे. पण फुकट असणं वेगळं आणि सगळ्यांसाठी असणं वेगळं. आपल्या पेडणे महालाच्या आठवणी काढताना ही दुसरी बाजू बहुतेक वेळा गाळली जाते, म्हणून आज तीच लिहितो.

आधी फुकटचं काय होतं ते. मी सत्तरच्या दशकात चोपड्याला प्राथमिक शाळेत होतो. शिवोलीला जायला तेव्हा पूल नव्हता, फेरीबोट होती, आणि धक्क्यावर बसून माणसं मोजणं हाच आमचा अर्धा दिवस. शापोरा नदीला ओहोटी लागली की बायका तिसऱ्या काढायला उतरायच्या, त्यांच्या मागे आम्ही. दोन सुके नारळ सोडणासकट दोरीने जोडून पोटाखाली घ्यायचे आणि पोहायला शिकायचं. घरोघरी पुरुमेंताची गडबड, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सोलं वाळवणं, आंब्याची साटं उलटणं, सुक्या मासळीवरचे कावळे हाकलणं ही सगळी पोरांची कामं. संध्याकाळी लगोरी, नाहीतर काजूच्या बियांचा डाव. रांगेत बिया मांडायच्या आणि लांबून एका जाड बीने उडवायच्या. उडवल्या तेवढ्या तुझ्या.

आता या डावाकडेच नीट बघा. खेळ फुकटचा, पण मांडायला बिया घरून आणाव्या लागत. ज्याच्या घरी काजूचं एक झाड नाही, तो पोर बाजूला उभा राहून बघायचा. म्हणजे फी होतीच, फक्त ती पैशांत नव्हती. मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, त्या लगोरी लांबूनच बघायच्या. देवळाच्या मंडपात उत्सवाच्या नाटकाची तालीम चालली की काही वाड्यांवरची मुलं पायरीपाशीच थांबायची. का थांबायची, हे इथे वाचणाऱ्या जुन्या माणसांना सांगायला नको. आणि प्रत्येक वाड्यावर एखादं तरी मूल असं होतं, जे कुणात मिसळत नसे. एकटंच बसायचं, डोळ्याला डोळा देत नसे, गलका झाला की कानावर हात घेऊन घरी पळायचं. त्याला गावाने नाव ठेवलेलं असायचं, 'मुको' नाहीतर 'पिसो'. त्याची आई त्याला सुट्टीत घरातच ठेवायची.

हे दार कधी किलकिलं झालं, ते कळायला थोडा इतिहास बघावा लागतो. पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं, नव्या काबिजादीतला हा भाग. त्या राजवटीत खेड्यातलं मराठी शिक्षण मुख्यतः खाजगी होतं. कुणाच्या ओसरीवर, कुठे देवळाच्या आवारात एखादा मास्तर शिकवायचा. ओसरी ज्याची, मुलं त्याच्या ओळखीची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते पेडण्यातच १९११ साली जन्मलेले. ऑगस्ट १९७३ मध्ये ते गेले, तोवरच्या दहा वर्षांत गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. आमच्या गावकीत जी मुलं एका मंडपात बसत नव्हती, ती शाळेच्या एका बाकावर बसली. सुट्टीत वर्ग बंद असले तरी शाळेचा व्हरांडा उघडाच असे, आणि तो कुणाच्या मालकीचा नव्हता. हे फार महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट आली मुंबईहून. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं गिरगाव-परळकडे नोकरीला होती आणि मे महिन्यात ती गावी यायची. तिकडे साने गुरुजींच्या विचाराची माणसं मुलांसाठी काम करत होती. राष्ट्र सेवा दल १९४१ पासूनचं, सगळ्या जातिधर्मांची मुलं एका मैदानावर आणणारं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यातच उपोषण केलं होतं. गुरुजी गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावाने कथामाला चालवली. मुलं जमवायची आणि गोष्ट सांगायची, बस्स. तिकडे ताराबाई मोडक १९४५ मध्ये शहरातली बालवाडी सोडून बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये कोसबाडला, सोबत अनुताई वाघ. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. जी मुलं गुरं राखत होती, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. मूल येत नसेल तर खोट मुलात नाही, जागेत आणि वेळेत आहे, हे त्यातलं मर्म.

आमचे एक मुंबईकर मामा सेवा दलात वाढलेले. दोन-तीन सुट्ट्या त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात संध्याकाळी पोरं जमवली. गोष्ट, दोन गाणी, आणि शेवटी एक छोटं नाटुकलं. फी नाही, नाव नोंदवणं नाही. बियांचा डाव मांडला की आधी सगळ्यांच्या बिया एका टोपलीत आणि मग सारख्या वाटायच्या, हा नियम त्यांचाच. कडेवर भावंड असलेल्या मुलींना त्यांनी भावंडासकट पुढे बसवलं.

आणि आमच्या वाड्यावरचा तो न बोलणारा मुलगा. मामा त्याच्या मागे लागले नाहीत. पहिले चार-पाच दिवस तो आवाराच्या गडग्यावर बसून होता. मग पेट्रोमॅक्सला पंप मारायचं काम त्याला दिलं. रोज तीच वेळ, तेच काम, बोलायची गरज नाही. पुढे पडद्याची दोरी त्याच्या हातात आली, आणि नाटुकल्यात पडदा एकदाही चुकला नाही. तो नंतरही फारसा बोलला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण 'मुको' हे नाव मागे पडलं. पोरं त्याला त्याच्या नावाने हाक मारू लागली आणि पेट्रोमॅक्स पेटल्याशिवाय कुणी गोष्ट सुरू करू देईना.

अशा मुलांसाठी आज शब्द आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजलेत, त्यात स्वमग्नताही आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट झाला, हजारो माणसांनी बघितला. चांगलंच झालं. पण पणजीचा उत्सव वेगळा आणि आपल्या वाड्यावरची संध्याकाळ वेगळी.

शिवाय आज पायरीपाशी थांबलेली मुलं बदललीत. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. किनाऱ्याला हॉटेलं वाढली, बांधकामं वाढली. त्या कामांवर आलेल्यांची मुलं भाड्याच्या खोल्यांत सुट्टी काढतात, दार लावून, मोठ्या बहिणीच्या राखणीत. कन्नड, हिंदी बोलतात. आपल्या मुलांना त्यांची नावंही ठाऊक नसतात.

म्हणून या मे महिन्यासाठी एक साधं मांडतो. रजा घेऊन लेखन कुणी करू नका, फक्त दिवसाचा दीड तास द्या. शाळेचा व्हरांडा पालक-शिक्षक संघाला विचारून घ्या. ऊन चढायच्या आधी किंवा संध्याकाळी. एक आजी गोष्ट सांगेल, एक काका पोहण्यातले धोके समजावतील, कुणी पोरांना मोरजीच्या टेंब्यावर नेऊन कासवांची राखलेली घरटी लांबून दाखवेल. स्पर्धा नको, बक्षीस नको, लाऊडस्पीकर तर नकोच. आज काय होणार ते सुरुवातीलाच सांगा आणि रोज तोच क्रम ठेवा, बुजऱ्या मुलांना त्याचा फार आधार असतो. ज्याला नुसतं बघत बसायचंय, त्याला बसू द्या. प्रत्येकाला एक काम द्या, पाण्याचा माठ भरणं का असेना. आणि भाड्याच्या खोल्यांच्या दारात जाऊन आमंत्रण द्या. पाटी लावून ती मुलं येणार नाहीत.

खर्च? माठ, चटया आणि टोपलीभर काजूच्या बिया. त्या तेवढ्या सारख्या वाटायच्या.