पासवर्ड कोण मागतंय?

उबंटू किंवा मिंट हे लिनक्स नव्याने वापरणाऱ्याला सगळ्यात जास्त वैताग येतो तो पासवर्ड मागणाऱ्या चौकटीचा. मी ओळखीच्यांना लिनक्स टाकून देतो, तेव्हा ‘ती कटकट तेवढी काढून टाका’ अशी विनंती हमखास होते. मी ती काढत नाही. तिच्यामागे चाळीस वर्षांहून जुनी परंपरा आहे.

युनिक्समध्ये ‘रूट’ या खात्याला यंत्रात काहीही करायची मुभा असते. एकाच संगणकावर अनेक जण काम करत, तेव्हा किरकोळ कामांसाठीही रूटचा पासवर्ड चौघांना सांगावा लागला, तर पुढे गोंधळ कोणी घातला हे कळायला मार्ग उरत नसे. १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात बॉब कॉग्शॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी व्हॅक्स-११/७५० यंत्रावर ‘सुडो’ लिहिलं. आज सुडो ज्याचा त्याचाच पासवर्ड मागतं, नेमून दिलेलं काम करू देतं आणि कोणी काय केलं त्याची नोंद ठेवतं.

घरगुती लिनक्सवर ही शिस्त उशिरा रुजली. नव्वदच्या दशकात कितीतरी नवखे दिवसभर रूट म्हणूनच बसत. ऑक्टोबर २००४मध्ये उबंटूची पहिली आवृत्ती आली, तिने रूटचं लॉगिन बंदच ठेवलं आणि पहिल्या वापरकर्त्याच्या हाती सुडो दिलं. उबंटूच्या सीडी टपालाने फुकट येत. आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांचं ते पहिलं लिनक्स.

तरीही एक वाट उघडी राहिली. पासवर्ड टाइप करणारा माणूस फसला, तर सुडो काय करणार? डिसेंबर २००९मध्ये ग्नोम-लुक या सजावटीच्या संकेतस्थळावर धबधब्याचा एक स्क्रीनसेव्हर आला, .deb या पॅकेज-फाइलच्या रूपात. अशी फाइल बसवताना तिच्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. लोकांनी हौसेने पासवर्ड दिला, आणि त्यांचे संगणक दुसऱ्यांच्या सर्व्हरवर हल्ला करायला जुंपले गेले. कुलूप कोणी फोडलं नव्हतं. मालकानेच दार उघडलं होतं.

२० फेब्रुवारी २०१६चा प्रकार मला याहून गंभीर वाटतो. लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरून १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलला आणि आत ‘त्सुनामी’ नावाचा चोरदरवाजा असलेली, लिनक्स बसवायची आयएसओ फाइल तिथे जोडली. त्या दिवशी ती उतरवून घेणारा नवखा अगदी अधिकृत पानावरच गेला होता. मिंटचे प्रमुख क्लेमाँ लफेव्र यांनी काहीही न लपवता लगेच सगळं जाहीर केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पण पानावर शिरकाव करणारा फाइल पडताळायची तिथली चेकसमही बदलू शकतो, म्हणून चेकसमवरची जीपीजी ही डिजिटल स्वाक्षरी तपासायला हवी. हे काम नवखे सोडाच, मुरलेलेही टाळतात.

डिस्ट्रोच्या, म्हणजे उबंटूसारख्या लिनक्सच्या, अधिकृत सॉफ्टवेअर-भांडारातून येणाऱ्या पॅकेजांसाठी अशीच स्वाक्षरी आपोआप तपासली जाते. डेबियन या डिस्ट्रोमध्ये ही सोय २००७च्या ‘एच’ आवृत्तीपासून आहे. भांडारही अभेद्य नाही. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनात पेरलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडला, तोही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावताना. तोवर तो डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोचला होता, स्थिर आवृत्तीत नव्हता.

म्हणून नवख्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: स्थिर आवृत्ती घ्या, अपडेट वेळच्या वेळी करा आणि सॉफ्टवेअर शक्यतो भांडारातूनच बसवा. चौकट समोर आली की आपण आत्ता कोणतं काम सुरू केलं होतं ते आठवा. आठवत नसेल तर ‘रद्द करा’ दाबा. आणि आयएसओची स्वाक्षरी एकट्याने तपासता येत नसेल, तर एखाद्या जाणत्या लिनक्सवाल्याला शेजारी बसवून तपासा, पण ती पायरी गाळू नका.